विभावरी शिरूरकर

विभावरी शिरूरकर (माहेरचे नाव बाळूताई खरे, विवाहोत्तर नाव मालती विश्राम बेडेकर, १९०५–२००१) या मराठीतील कथाकार, कादंबरीकार आणि स्त्रीप्रश्नाच्या अभ्यासक होत. १९३३ साली प्रसिद्ध झालेला ‘कळ्यांचे निःश्वास’ हा त्यांचा कथासंग्रह शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या आणि लग्नाचे वय उलटून चाललेल्या अविवाहित मुलींच्या मनातील कोंडी त्यांच्याच तोंडून मांडणारा मराठीतील पहिला महत्त्वाचा संग्रह मानला जातो. त्यावर मोठे वादळ उठले. लेखिकेने टोपणनाव घेतलेले असल्यामुळे ते पुस्तकावर जितके होते तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, ‘ही बाई कोण?’ या प्रश्नावर होते. ‘हिंदोळ्यावर’ (१९३४), ‘विरलेले स्वप्न’ (१९३५), ‘बळी’ (१९५०), ‘खरेमास्तर’ (१९५३) आणि ‘शबरी’ (१९५६) ही त्यांची अन्य उल्लेखनीय पुस्तके आहेत.

== शिरूर आणि हिंगणे ==

बाळूताईंचा जन्म पुणे जिल्ह्यातील घोडनदी ऊर्फ शिरूर येथे झाला. घोड नदीच्या काठी, पुण्याहून अहमदनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले हे गाव त्या काळी एक लहानसे बाजारपेठेचे ठिकाण होते. वडील अनंतराव खरे शिक्षक होते आणि गावात ते मास्तर म्हणूनच ओळखले जात. मुलींना शिकवायचे असा त्यांचा निश्चय होता. गावात शिक्षणाची सोय जेमतेम होती, तेव्हा त्यांनी मुलींना पुण्याजवळच्या हिंगणे येथे, धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेत वसतिगृहात ठेवले. लहान गावातल्या मध्यमवर्गीय ब्राह्मण घराने वयात येणाऱ्या मुलीला लग्नाच्या बोहल्यावर न धाडता परगावच्या वसतिगृहात धाडावे, हे त्या काळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या टीकेला आमंत्रण देणारे होते.

कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. आज हा भाग कर्वेनगर या नावाने पुणे शहराच्या पोटात सामावलेला आहे. १९१६ साली तेथेच महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० साली ठाकरसी कुटुंबाच्या देणगीनंतर त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले, आणि १९३६ साली ते मुंबईस गेले. या विद्यापीठाचे एक वैशिष्ट्य बाळूताईंच्या लेखनाच्या दृष्टीने निर्णायक ठरले. तेथे शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते. इंग्रजी हा अभ्यासाचा विषय होता, पण विचार करायचा, उत्तरे लिहायची, प्रबंध सादर करायचा तो मराठीतून. पदव्यांची नावेसुद्धा संस्कृतवरून घडवलेली होती. ‘गृहीतागमा’ ही पहिली पदवी आणि ‘प्रदेयागमा’ ही त्यापुढची. ज्यांना पुण्याच्या अन्य महाविद्यालयांतील बी. ए. मंडळी ठाऊक होती, त्यांना ही नावे काहीशी गमतीची वाटत. शिवाय या पदव्यांना सरकारची मान्यता नव्हती. विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली. म्हणजे बाळूताईंच्या पिढीतील मुली ज्या पदवीसाठी खपल्या ती बाजारात फारशी चालणारी नव्हती. मात्र त्याच शिक्षणाने त्यांना आपल्या भाषेत सलग, तर्कशुद्ध गद्य लिहिण्याची सवय दिली.

दोन्ही पदव्या मिळवल्यानंतर बाळूताई पुण्यातील कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. पुढे त्यांच्या कथांत जे विश्व अवतरले ते या काळातले होते: वसतिगृहातील खोल्या, शाळेतील शिक्षिकांची बैठकीची खोली, सुटीत घरी गेल्यावर विचारला जाणारा ठराविक प्रश्न, आणि दर महिन्याला घरी पाठवायचा पगार.

== टोपणनावापूर्वीचे लेखन ==

विभावरी शिरूरकर हे नाव उगवण्यापूर्वी बाळूताई खरे या नावाने दोन पुस्तके आली होती, आणि चर्चेत ती बहुधा विसरली जातात. ‘अलंकारमंजूषा’ (१९३१) हे साहित्यशास्त्रातील अलंकारांवरचे पुस्तक. ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’ (१९३२) हे के. एन. केळकर यांच्या सहकार्याने लिहिलेले. हिंदूंच्या विवाहाचे, दत्तकाचे, वारशाचे, स्त्रीधनाचे नियम हा या दुसऱ्या पुस्तकाचा प्रांत.

यातील वर्षे लक्षात घेण्याजोगी आहेत. हिंदू कायद्यावरील पुस्तक १९३२चे, ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३चे. पुढच्या टीकाकारांनी ज्या लेखिकेला उतावळी, भावनेच्या आहारी गेलेली, पाश्चात्त्य कल्पनांनी भारावलेली ठरवले, तिने त्या कथा प्रसिद्ध करण्यापूर्वी धर्मशास्त्र आणि व्यवहार यांची पाने उलथीपालथी केली होती. मुलीचे पित्याच्या घरावर काय आहे आणि काय नाही, पत्नीला कोणत्या स्थितीत वेगळे राहता येते, हे तिला कलमांनिशी माहीत होते. कथांमधील वैताग अज्ञानातून आलेला नाही.

== कळ्यांचे निःश्वास ==

हा संग्रह १९३३ साली ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केला. मोटे हे त्या काळातील चोखंदळ प्रकाशक होते, आणि अपरिचित नावाचे असे पुस्तक बाजारात आणणे हे त्यांच्या दृष्टीने धाडसाचेच काम होते.

संग्रहातील मुली एकाच सामाजिक पेचात सापडलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांचा लढा बालविवाह, केशवपन आणि विधवांचे पुनर्विवाह यांभोवती होता. १९२९ सालच्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, आणि शहरी उच्चवर्णीय घरांत ते त्याहून पुष्कळ वर सरकू लागले. मुली शाळेत, मग महाविद्यालयात गेल्या. काही नोकरीला लागल्या. सुधारकांच्या हिशेबात येथे गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. विभावरी शिरूरकरांची गोष्ट येथूनच सुरू होते. शिकलेली मुलगी पंचविशीत येते. तिच्याहून जास्त शिकलेला आणि हुंडा न मागणारा मुलगा मिळत नाही. तिचे शिक्षणच तिच्या लग्नाच्या आड येते. ‘प्रौढ कुमारिका’ हा शब्द त्या काळच्या मासिकांत एखाद्या रोगाच्या नावासारखा वापरला जाऊ लागला होता. मुलीची स्वतःची इच्छा काय आहे, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत कोणी विचारीत नव्हते.

‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही या संग्रहातील सर्वांत अधिक उल्लेखली गेलेली कथा आहे. मिळवत्या मुलीच्या पगारावर वडिलांचा मोठा संसार उभा आहे. धाकटी भावंडे आहेत, त्यांची शिक्षणे आहेत. मुलीला स्वतःचे घर हवे आहे. पण ती गेली तर हे घर कोसळते. शीर्षकातील प्रश्नाचा कणा ‘संसार’ या शब्दात आहे. मराठीत संसार हा थाटायचा, करायचा, ओढायचा असतो, आणि बाई जो संसार करते तो तिचा म्हणवला जातो. येथे मुलगी संसार ओढते आहे, पण तो तिचा नाही. मुलीला शिकवणारे सुधारक वडील आणि मुलीच्या मिळकतीवर अवलंबून राहणारे वडील हे एकच असू शकतात, ही बाब मराठी कथेने तोवर इतक्या सरळपणे मांडली नव्हती.

या कथांतून शरीराची आणि मनाची भूक हा विषयही येतो. तो सूचकतेने येतो. आजच्या वाचकाला त्यात धक्कादायक असे फारसे काही सापडणार नाही. खळबळ वर्णनांमुळे झाली असे म्हणणे कठीण आहे, कारण प्रणयाची याहून रसभरीत वर्णने तत्कालीन लोकप्रिय पुरुष कादंबरीकारांच्या पुस्तकांत मुबलक होती आणि ती घरोघर वाचली जात. फरक होता तो इच्छा कोणाची, याचा. फडक्यांच्या किंवा माडखोलकरांच्या नायिकेकडे कोणीतरी पाहते आहे. विभावरींच्या कथेतील मुलगी स्वतः पाहते आहे आणि बोलते आहे. आरशासमोर उभे राहून आपले वय मोजणारी, मैत्रिणीच्या मुलाला मांडीवर घेतल्यावर अस्वस्थ होणारी, दाखवण्याच्या कार्यक्रमात पुन्हा एकदा बसावे लागणार म्हणून संतापणारी कुलीन घरातील कुमारिका हे सारे बोलून दाखवते, हेच अनेकांना अश्लील वाटले.

कथांची रचना सर्वत्र सारखी सफाईदार नाही. काही ठिकाणी पात्रे संवाद करण्याऐवजी वाद घालतात, आणि कथा प्रश्नचिन्हाशी येऊन थांबते. मराठी कथेच्या इतिहासात तंत्राच्या दृष्टीने या संग्रहाला फार वरची जागा दिली जात नाही. दिलेले माप योग्यच आहे. परंतु ते दिवाकर कृष्ण किंवा ना. सी. फडके यांच्या कथांवरून घेतलेले माप आहे, हेही लक्षात ठेवावे लागते.

== नावाचा शोध ==

विभावरी म्हणजे रात्र, आणि शिरूरकर हे जन्मगावावरून आलेले आडनाव. नाव पूर्णपणे खोटे नव्हते. शिरूरच्या एखाद्याने नीट विचार केला असता तर माग काढता आला असता. पण सभा-संमेलनांतून, वृत्तपत्रांतून जे तर्क झाले ते याहून निराळ्या दिशेने गेले. लेखक स्त्री आहे की पुरुष इथपासून वादाला आरंभ झाला. कोणाही सभ्य स्त्रीच्या हातून असे लेखन होणे शक्य नाही, तेव्हा हे एखाद्या पुरुषाचेच काम असावे, असा एक पक्ष होता. स्त्रीच असेल तर ती कोणत्या चालीरीतीची असेल याविषयी दुसरा पक्ष निःशंक होता. निषेधाच्या सभा झाल्या. शिक्षणसंस्थांतील मुलींचे वातावरण बिघडत असल्याचा ओरडा झाला. ज्या संस्थांवर हा रोख होता त्यांपैकीच एकीत लेखिका रोज शिकवायला जात होती. नाव उघड झाले असते तर नोकरी टिकणे अवघड होते, आणि मुलींच्या शिक्षणाच्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले असते. टोपणनावाकडे केवळ भिडस्तपणा म्हणून पाहता येत नाही ते यामुळे.

या प्रसंगाशी पुण्यातीलच एक जुने उदाहरण ताडून पाहण्यासारखे आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. ती यमू नावाच्या विधवेचे आत्मकथन आहे. पुरुषाने स्त्रीच्या तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात तिचे दुःख लिहिले आणि मराठी समाजाने ते डोळ्यांत पाणी आणून वाचले. त्यापूर्वी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्याच्या छापखान्यातून स्वतःच्या नावानिशी प्रसिद्ध झाले होते. त्यावर टीका झाली आणि त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. यमूला आवाज देणारा पुरुष आदरणीय ठरतो, ताराबाई गप्प होतात, आणि पन्नास वर्षांनी बाळूताई खरे रात्रीचे नाव धारण करून लिहितात. पुण्यातील स्त्रीलेखनाचा इतिहास काही अंशी या तीन निवडींचा इतिहास आहे.

असेच वळण दूरच्या एका लेखिकेच्या आयुष्यातही दिसते. अल्जीरियातील शर्शेल येथे १९३६ साली जन्मलेल्या फातमा-झोहरा इमालायेन यांनी आपली पहिली फ्रेंच कादंबरी ‘ला स्वाफ’ (तहान) १९५७ साली आसिया जेबार या नावाने प्रसिद्ध केली. त्या वेळी त्या वीस-एकवीस वर्षांच्या होत्या. कादंबरीतील तरुणी आपल्या इच्छेविषयी मोकळेपणाने बोलते, आणि हे वडिलांना रुचणार नाही या धास्तीने लेखिकेने कुटुंबाचे नाव बाजूला ठेवले. पुढे आसिया जेबार हेच नाव जगभर झाले, २००५ साली त्यांची फ्रेंच अकादमीवर निवड झाली, आणि मूळ नाव चरित्राच्या पहिल्या ओळीपुरते उरले. विभावरी शिरूरकर यांच्याबाबतीत तिन्ही नावे टिकून राहिली. लग्नानंतर त्या मालती बेडेकर या नावाने वावरल्या आणि त्या नावानेही लिहिले, पण कथा-कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर विभावरी शिरूरकर कायम राहिल्या. ग्रंथालयांच्या सूचींत त्यांची पुस्तके म्हणूनच आजही दोन-तीन ठिकाणी विखुरलेली आढळतात.

== हिंदोळ्यावर आणि विरलेले स्वप्न ==

पहिल्या पुस्तकाचे वादळ शमण्यापूर्वीच ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. नायिका अचला ही नवऱ्यापासून दुरावलेली, एकटी राहणारी शिक्षित स्त्री आहे. विराग या पुरुषावर तिचे प्रेम जडते आणि तिला मातृत्वाची ओढ आहे. लग्नाच्या चौकटीबाहेरचे सहजीवन आणि मूल हा प्रश्न कादंबरी उघडपणे पुढे ठेवते.

यात लेखिका नायिकेला बंडखोर करण्याच्या हौसेने काही करीत नाही. १९३४ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील उच्चवर्णीय हिंदू पत्नीला घटस्फोटच उपलब्ध नव्हता. नवऱ्याने टाकले तरी, त्याने दुसरे लग्न केले तरी, ती मरेपर्यंत त्याचीच बायको राहत असे. बडोदे संस्थानाने १९३१ साली कायदा केला होता. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला आणि संपूर्ण देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ साली. म्हणून अचलेपुढील पर्याय मोजके आहेत: आयुष्यभर वाट पाहणे, किंवा ज्याला कायदा आणि समाज दोघेही व्यभिचार म्हणतात ते करणे. हिंदोळा हे शीर्षक तिच्या मनाच्या आंदोलनाइतकेच या कायदेशीर स्थितीलाही लागू पडते. हिंदू व्यवहारशास्त्राचा अभ्यास केलेल्या लेखिकेने ही स्थिती अजाणता निवडली असेल असे वाटत नाही.

‘विरलेले स्वप्न’ (१९३५) ही दैनंदिनीच्या रूपाने लिहिलेली कादंबरी आहे. स्वतःशी बोलण्याचे हे रूप विभावरींच्या प्रकृतीला मानवणारे होते, आणि त्यांच्या गद्यातील वादप्रवण सूर येथे काहीसा निवळतो. याच सुमारास विदर्भातील गीता साने यांच्या ‘निखळलेली हिरकणी’ (१९३६) आणि अन्य कादंबऱ्या येऊ लागल्या. ‘किर्लोस्कर’ परिवाराचे ‘स्त्री’ मासिक १९३० साली सुरू झाले होते, आणि मुंबईत र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी अश्लीलतेचे खटले सोसत होते. विभावरी एकट्या नव्हत्या. परंतु सर्वांत मोठा आघात त्यांच्या वाट्याला आला.

== सोलापूरची वसाहत आणि ‘बळी’ ==

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाळूताईंनी शाळेची नोकरी सोडून सरकारी नोकरी पत्करली आणि सोलापूर येथील तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत अधीक्षक म्हणून काम केले. १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानून कुंपणाच्या आत ठेवले जाई, त्यांची हजेरी घेतली जाई, आणि बाहेर जाण्यासाठी परवाना लागे. हा कायदा मुंबई राज्यात १९४९ साली आणि देशभर १९५२ साली रद्द झाला.

या अनुभवावर आधारलेली ‘बळी’ ही कादंबरी १९५० साली प्रसिद्ध झाली. मांग-गारुडी समाजाचे वसाहतीतील जीवन हा तिचा विषय आहे. अनेक समीक्षकांनी ही विभावरींची सर्वश्रेष्ठ कृती मानली आहे. आपल्या वर्गाच्या घुसमटीतून लिहिणारी लेखिका येथे स्वतः सत्तेच्या बाजूला, अधिकाऱ्याच्या खुर्चीवर होती, आणि ती जाणीव कादंबरीत आहे. दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांची आत्मकथने मराठीत येण्यास अजून दोन-तीन दशके अवकाश होता. ती आल्यानंतर ‘बळी’कडे बाहेरून पाहिलेले चित्र म्हणूनही वाचले गेले. ते वाचन रास्त आहे. त्या चित्राचा तपशील मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही.

‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ (१९६२) हा समाजशास्त्रीय अभ्यास याच कामाच्या ओघात येतो.

== खरेमास्तर ==

‘खरेमास्तर’ (१९५३) ही लेखिकेच्या वडिलांच्या जीवनावरील चरित्रात्मक कादंबरी. तिचा इंग्रजी अनुवादही झाला आहे. मराठीत वडिलांवर मुलाने लिहिण्याची परंपरा होती, पतीवर पत्नीने लिहिण्याची तर रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’पासून (१९१०) भक्कम झालेली. मुलीने वडिलांकडे माणूस म्हणून पाहणे, त्यांच्या धडपडीबरोबर त्यांच्या मर्यादाही पाहणे, हे विरळा होते. सुधारणा या शब्दाभोवती मोठ्या पुढाऱ्यांची नावे जमतात. येथे सुधारणा घडते ती तालुक्याच्या गावच्या एका मास्तराच्या घरी, तुटपुंज्या पगारात, शेजाऱ्यांचे टोमणे खात.

आसिया जेबार यांच्याशी असलेले साम्य येथे पुन्हा समोर येते. त्यांचे वडीलही शाळामास्तर होते. ‘लामूर, ला फांताझिया’ (१९८५) या त्यांच्या प्रसिद्ध कादंबरीचा प्रारंभच वडिलांचा हात धरून शाळेत जाणाऱ्या लहान अरब मुलीच्या चित्राने होतो, आणि शेवटच्या कादंबरीत (२००७) त्या पुन्हा वडिलांच्या घराकडे वळतात. दोघींच्याही आयुष्यात वडिलांनी दार उघडले, आणि दोघींनाही पहिले मोकळे पुस्तक लिहिताना वडिलांनी व समाजाने ओळखलेले नाव टाळावे लागले. साम्य येथवरच. जेबार यांच्या वडिलांची शाळा फ्रेंच होती. मुलीला पडद्यापासून सोडवणारी भाषा तीच, आणि देश जिंकणाऱ्या सैन्याची भाषाही तीच. आपल्या जिव्हाळ्याचे शब्द या भाषेत येतच नाहीत, ही खंत जेबार आयुष्यभर लिहीत राहिल्या. हिंगण्याच्या विद्यापीठात शिकलेल्या बाळूताईंना हा पेच पडला नाही. त्याच काळात इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्या अनेक स्त्रियांना आईशी बोलायची भाषा आणि विचार करायची भाषा वेगळी पडल्याचे जाणवले. विभावरींची अडचण निराळी होती. मातृभाषा हाताशी होती, पण तिच्यातील ‘कुलीन’, ‘मर्यादा’, ‘शील’, ‘संसार’ हे नेमके जे शब्द त्यांना लागत होते ते आधीच दुसऱ्यांनी अर्थ ठरवून ठेवलेले होते.

== स्त्रीलेखनाच्या चर्चेत ==

स्त्रीने स्वतःला, स्वतःच्या देहाला लिहावे, पुरुषांनी घडवलेल्या भाषेत त्यासाठी फट पाडावी, असा आग्रह एलेन सिक्सू यांनी १९७५ सालच्या ‘मेडुसाचे हास्य’ या फ्रेंच निबंधात धरला. या विचाराला ‘एक्रित्यूर फेमिनीन’ म्हणजे स्त्रैण लेखन असे नाव पडले. योगायोगाने सिक्सूही अल्जीरियातच, ओरान शहरात जन्मलेल्या. १९७५ नंतर महाराष्ट्रात स्त्रीमुक्ती चळवळीने मूळ धरले, विद्यापीठांत स्त्रीवादी समीक्षा शिकवली जाऊ लागली, आणि विभावरी शिरूरकर यांच्याकडे नव्याने पाहिले गेले.

त्यांचे लेखन सिक्सू यांच्या संकल्पनेत बसवण्याचा प्रयत्न मात्र अर्धाच यशस्वी होतो. सिक्सू यांना व्याकरण मोडणारे, ओसंडणारे, सलग अर्थाला चकवा देणारे गद्य अपेक्षित होते. विभावरींचे वाक्य सरळ आहे, मुद्देसूद आहे. शिक्षिकेने फळ्यावर मांडावे तसे. देह त्यांच्या कथांत येतो तो मागणी म्हणून, लय म्हणून नव्हे. भाषेच्या पातळीवर स्त्रीच्या अनुभवाची वेगळी घडण मराठीत शोधायची तर वाचक गौरी देशपांडे, कमल देसाई किंवा सानिया यांच्याकडे वळतो. गौरी देशपांडे या महर्षी कर्वे यांच्या नात. त्यांनी कविता इंग्रजीत आणि कथा-कादंबऱ्या प्रामुख्याने मराठीत लिहिल्या, आणि त्यांच्या नायिका प्रेम, लग्न, एकटेपणा यांविषयी जे निर्धास्तपणे बोलतात, त्याची किंमत विभावरींच्या पिढीने आधी मोजलेली होती. स्वतःच्या नावाने लिहिण्यासाठी गौरी देशपांडे यांना कोणाची परवानगी लागली नाही.

विभावरींच्या मर्यादाही या चर्चेत पुढे आल्या. ‘कळ्यांचे निःश्वास’मधील मुली एका जातीच्या, एका शहराच्या आणि एका वर्गाच्या आहेत, शेतात, गिरणीत किंवा घरोघरी काम करणाऱ्या स्त्रियांसाठी उशिरा होणारे लग्न हा प्रश्नच नव्हता. नायिका पेच ओळखते, पण त्यातून बाहेर पडण्याचे धैर्य लेखिका तिला पुष्कळदा देत नाही, असाही आक्षेप आहे. ‘शबरी’मधील विवाहित स्त्रीच्या भ्रमनिरासाबाबत तो विशेष करून घेतला जातो.

== उत्तरायुष्य ==

१९३८ साली बाळूताईंचा विवाह लेखक आणि चित्रपट-दिग्दर्शक विश्राम बेडेकर यांच्याशी झाला. पुढल्याच वर्षी बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त आत्मचरित्रात या सहजीवनाचा भाग येतो. मालतीबाईंनी ‘पारध’ (१९४७) आणि ‘वहिनी आली’ (१९५२) ही नाटके, ‘जाई’ (१९५२) ही कादंबरी आणि ‘दोघांचे विश्व आणि इतर कथा’ (१९५७) हा संग्रह लिहिला. नाटकांना कादंबऱ्यांइतके यश लाभले नाही.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना कधी मिळाले नाही. १९८१ साली अधिकृत संमेलनाला समांतर असे साहित्य संमेलन मुंबईत भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी मात्र पंचाहत्तरी उलटलेल्या मालतीबाई होत्या. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८६ साली, मुंबईतच भरलेल्या अधिकृत संमेलनाचे अध्यक्ष विश्राम बेडेकर झाले. विश्राम बेडेकर १९९८ साली निवर्तले. मालतीबाईंचे निधन मे २००१ मध्ये झाले.